निजेचा वर्ग

कोसमटोल्याच्या शाळेला जादा अनुदान मंजूर झालं, तेव्हा समितीच्या बैठकीत पहिला वाद झाला तो संडासाच्या दारांवरून. दारं केव्हाच गेली होती, आणि पालकांचं साधं म्हणणं होतं, आधी दारं बसवा. मुख्याध्यापक भैसारे सरांनी हात जोडले. हा पैसा दारांचा नव्हे, म्हणाले. ज्यांच्या घरात आजवर कुणी पुस्तक उघडलेलं नाही अशा पोरांसाठी सरकार तो देतंय, आणि वर्षअखेरीला पोरांचा अभ्यास वर आलेला दिसला नाही तर पुढचा हप्ता बंद. आता दार बसवून कुणाचा पाढा पाठ होतो का, सांगा. मागून एक बाई म्हणाली, दार असलं तर पोरगी शाळेत बसते तरी. सर तेवढ्यापुरते बहिरे झाले.

मग सरांनी मोबाइलवर एक चित्रफीत दाखवली. लांबलचक खोली, गाद्या, गाद्यांवर ओळीनं झोपलेली मुलं आणि मधोमध भात शिजवायच्या पातेल्याएवढं एक पांढरं यंत्र. दुपारी जेवायचं, झोपायचं आणि झोपेत शिकायचं. बैठक खो खो हसली. झोपायला शाळा कशाला, ते तर आमचं पोरगं गुरं राखतानाही करतं, असं कुणीतरी म्हणालंच. हसली नाही ती एकटी कुंदा नैताम.

कुंदा तिथलीच. तिसरी-चौथीची शिक्षिका. याच टोल्यात जन्मली, आठव्या वर्षी आश्रमशाळेत गेली. सोबत शेजारची बुधरीही गेली होती. तिथं गोंडी बोललं की हातावर छडी बसे. बुधरी महिनाभरात पळून घरी आली आणि पुन्हा गेली नाही. कुंदा राहिली, शिकली, नोकरी लागून गावात परत आली. तोवर गोंडी तिला कळायची, पण बोलायला गेलं की जीभ वळायची नाही. बायका तिच्याशी मराठीत बोलत, पाहुणीशी बोलावं तसं.

वर्गातलं दुखणं कुंदाला पाठ होतं. सकाळी भागाकार शिकवावा, पोरांना लख्ख समजावा, आणि दुसऱ्या दिवशी पाटी कोरी. पोरांचा काय दोष? घरी गेलं की पाणी, सरपण, धाकट्याला कडेवर घेणं. विचारायला कुणी नाही, उजळणी घ्यायला कुणी नाही. शहरातल्या मुलाला आई असते, शिकवणी असते, शिकवलेलं दुसऱ्यांदा कानावरून जातं. हे दुसऱ्यांदा जाणंच तिच्या पोरांच्या नशिबात नव्हतं, आणि ते यंत्र नेमकं तेच देऊ म्हणत होतं. तिनं हात वर केला, तिच्यामुळे चार बायकांनी केला, आणि दारांचा विषय पुढच्या वर्षावर गेला.

यंत्र बसवायला पुण्याहून देवस्थळी मॅडम आल्या. तरुण, हसऱ्या, आणि समजावून सांगायची भारी हौस. त्यांनी सांगितलं ते असं. दिवसभर डोळ्या-कानांवरून जे जातं ते मेंदू आधी कच्चं टिपून ठेवतो. गाढ झोप लागली की त्यातलं काही तो पुन्हा पुन्हा उजळतो, आणि जे उजळलं जातं तेच पक्कं बसतं. आता शिकताना एखादा वास नाकात होता, आणि गाढ झोपेत तोच वास हळूच पुन्हा सोडला, तर मेंदू नेमका तोच धडा उजळायला घेतो. सोबत शिकवणाऱ्याचा आवाज उशीतून द्यायचा, झोप मोडणार नाही इतका बारीक. कपाळावरची पट्टी झोप किती खोल गेली ते बघते आणि वेळ साधून यंत्राला खूण करते. यात जादू काही नाही, मॅडम म्हणाल्या, मेंदू एरवी करतो तेच आपण त्याला जरा सुचवून करायला लावतो.

आवाज कुंदाचा घ्यायचा ठरलं. तिनं धडे, पाढे, कविता सगळं म्हणून दिलं. मध्ये मध्ये घसा साफ करायची तिला सवय, आणि एक ओळ संपली की "हं, पुढे" म्हणायची. ते काढून टाकू का, असं मॅडमनी विचारलं. कुंदा लाजली आणि राहू द्या म्हणाली, पोरांना ओळखीचं वाटेल.

वासाची कुपी मात्र कसल्याशा परदेशी फुलाची होती. पोरांना ती मुळीच आवडली नाही. कुणी नाक दाबून बसलं, कुणाला मळमळलं, बुधरीची पोरगी मैनी तर उठून दाराबाहेर जाऊन उभी राहिली. झोप कुणालाच लागेना. त्यातच नाल्याला पूर येऊन रस्ता गेला आणि पुढच्या कुप्या अडकल्या. तेव्हा कुंदाला एक कल्पना सुचली, आणि त्या कल्पनेचा तिला पुढे कित्येक महिने अभिमान वाटला. तिनं घरच्या मडक्यातली मूठभर मोहफुलं आणली, गरम पाण्यात भिजवली आणि यंत्राच्या तबकात ठेवली.

आता मोह म्हणजे त्या मुलखातल्या पोराला काय, हे बाहेरच्याला सांगून कळायचं नाही. मोह पडायला लागला की अख्खा गाव पहाटे रानात. तान्ही पोरं आईच्या पाठीवर, थोडी मोठी झाडाखाली पोत्यावर, आणि वरून टपटप फुलं पडताहेत. गाणी तिथं ऐकायची, झाडांची नावं तिथं शिकायची, अस्वल कसं येतं आणि आलं तर काय करायचं तेही तिथंच. खोलीत तो गोडसर वास पसरला आणि पोरं आईच्या कुशीत शिरावी तशी झोपली. मैनी तर सगळ्यांच्या आधी. कुंदा दारात उभी राहून बघत राहिली. भैसारे सर खूश, कुपीचा खर्च वाचला. पुण्याला कळवावं असं कुणालाच वाटलं नाही.

बुधरीनं मैनीला या वर्गात सहजासहजी पाठवलं नव्हतं. एकुलती एक पोरगी, आणि शाळेनं आपल्याकडून काय घेतलं हे बुधरी विसरली नव्हती. कुंदा तिच्या अंगणात जाऊन बसली होती, तिच्या हातची आंबील प्यायली होती, आणि शब्द दिला होता की तुझ्या घरचं मी काही घेणार नाही, वरून भरच घालीन. बुधरी सुपातलं धान पाखडत राहिली. मग म्हणाली, "तू म्हणतेस म्हणून. मशिनीले मी वळखत नाही, तुले वळखतो."

दिवाळीपर्यंत वर्ग ओळखू येईनासा झाला. भागाकार, अपूर्णांक, नद्यांची नावं, विचाराल ते तयार. मैनी पाचवीचं गणित करायला लागली. जिल्ह्याहून साहेब आले, त्यांनी फोटो काढले, पोरांच्या पाठीवर हात फिरवले. साहेबांनी एका पोराला उभं केलं आणि कविता म्हणायला सांगितली. पोरानं आधी घसा साफ केला. मग कविता म्हटली, आणि कडव्याच्या शेवटी बोलला, "हं, पुढे." साहेब हसले. दुसऱ्यानं म्हटली, त्यानंही घसा साफ केला, तसाच, तेवढाच. तिसऱ्या पोरीच्या वेळी कुंदाच्या लक्षात आलं की हे बाईंची नक्कल करणाऱ्या पोराचं खोकणं नव्हे. नक्कल करताना पोरं डोळ्यांच्या कोपऱ्यातून हसतात. इथं कुणीच हसत नव्हतं.

तिनं ते मनातून झटकलं. झटकण्यासारखंच होतं की, एवढं चांगलं चाललेलं असताना.

संक्रांतीनंतर बुधरी शाळेत आली. ती शाळेच्या आवारात पाऊल टाकत नसे, फाटकाशीच थांबे. त्या दिवशी सरळ वर्गाच्या दारापर्यंत आली. म्हणाली, पोरगी घरी बोलत नाही. विचारलं तर मराठीत उत्तर देते. ठीक, तेही चालेल. पण परवा पाण्याला निघाली आणि वारुळापाशी उभी राहिली. रोजची वाट, पण कुठं वळायचं ते तिला आठवेना. आणि रात्री मोहाच्या कोठीजवळ निजते तेव्हा बोलते.

"काय बोलते?" कुंदानं विचारलं.

"तुझं बोलते," बुधरी म्हणाली. "तुझ्याच आवाजात. मी हालवून उठवलं तर माझ्याकडं असं पाहाते का मी कोण हाय."

शाळा सुटल्यावर तिनं पुण्याला फोन लावला. देवस्थळी मॅडमनी सगळं शांतपणे ऐकलं आणि विचारलं, वास कोणता वापरताय तुम्ही? कुंदानं सांगितलं.

मग मॅडम बोलल्या, आणि या वेळी समजावून सांगायची हौस त्यांच्या आवाजात नव्हती. झोपेत मेंदू नुसता उजळत नाही, निंदणही करतो. धानात बाया निंदण करतात ना, पीक ठेवून तण उपटतात, तसंच. फक्त पीक कोणतं आणि तण कोणतं हे त्याला आपण सांगितलं, धडे म्हणजे पीक. बाकीचं थोडंफार कमी होणार हे धरलेलंच होतं, म्हणूनच वास असा घ्यायचा की ज्याच्याशी मुलाचं आधीचं काही बांधलेलं नाही. मोहाशी या मुलांचं काय काय बांधलेलं होतं? ते सगळं तुम्ही रोज दुपारी वर काढलंत आणि त्याच्या जागी धडा बसवलात. लहान वयात ही माती फार ओली असते, नैताम मॅडम.

कुंदानं विचारलं, उद्यापासून बंद करू? बंद केलंत तरी गेलेलं परत येणार नाही, त्या म्हणाल्या. आणि मोह पडायला लागेल तेव्हा तर यंत्राची गरजच उरणार नाही, सगळं रानच यंत्र होईल.

कुंदानं भैसारे सरांना गाठलं. सरांनी तिच्याकडे दुखऱ्या नजरेनं पाहिलं. परीक्षा दोन महिन्यांवर आलीय, म्हणाले. याच पैशातून पोरांना रोज अंडं मिळतंय, याच पैशातून दुसरी शिक्षिका आलीय, हप्ता गेला की तेही जाईल. एवढी परीक्षा होऊन जाऊ दे. सर वाईट नव्हते. आणि खरं सांगायचं तर कुंदालाही ते ऐकायला बरं वाटलं. पंधरा वर्षांत पहिल्यांदा तिची पोरं शहराच्या पोरांच्या पुढं जाणार होती. तिनं तबकातली मोहफुलं काढून फेकली, कोरड्या यंत्रावर वर्ग चालू ठेवला आणि स्वतःला सांगितलं की आपण काहीतरी केलं.

फाल्गुनाच्या शेवटाला मोह पडायला लागला. बुधरी पुन्हा फाटकाशी आली, या वेळी आत न येता. उद्या पहाटे रानात ये, एवढंच म्हणाली, आणि आपल्या डोळ्यांनी पाहा.

कुंदा गेली. किती वर्षांनी ती मोहाला चालली होती! फटफटत होतं. बायका टोपल्या घेऊन पुढे, आणि रानात शिरण्याआधी सगळ्यांनी मिळून ती लांब हाळी दिली. अस्वलाला मोह फार प्रिय. आपण येतोय हे त्याला आधी कळवायचं, म्हणजे ते आपलं आपण बाजूला होतं. लहानपणी कुंदाही ही हाळी देई. आज तिच्या घशातून नुसती हवा आली.

झाडाखाली पोत्यांवर पोरं निजली होती. दरवर्षी निजतात तशीच. पण कुंदा जवळ गेली तसं ऐकू यायला लागलं. सगळ्या रानात एक बारीक कुजबुज भरून होती. या झाडाखाली, त्या झाडाखाली, नाल्यापलीकडच्या झाडाखालीही. तीसेक पोरं झोपेत एका लयीत सतराचा पाढा म्हणत होती. आणि तो पोरांचा आवाज नव्हता. कोवळ्या गळ्यांतून निघत होता खरा, पण चढ-उतार, श्वास, मधलं थांबणं, सगळं तिचं स्वतःचं होतं. पाढा संपला. तीस घसे साफ झाले. सगळं रान म्हणालं, "हं, पुढे."

आयांनी फुलं वेचणं थांबवलं नव्हतं. त्या खाली मान घालून वेचत होत्या आणि आपल्याच पोरांकडे पाहायचं टाळत होत्या.

तेवढ्यात पुढून बायकांचा गलका झाला आणि लगेच दबला. नाल्याच्या काठावरून अस्वल वर आलं होतं. हाळी ऐकूनही आलं, कधी कधी येतं. बायका ठरल्याप्रमाणे एकत्र झाल्या, मोठ्यानं बोलत बोलत मागे सरकायला लागल्या, आपापली पोरं ओढून, उचलून. एकट्या मैनीचं झाड सगळ्यात पुढं होतं. ती पोत्यावर उठून बसली होती, डोळे उघडे, अस्वलाकडे पाठ, आणि मांडीवर नसलेल्या वहीत बोटानं काहीतरी लिहीत होती. अस्वल तिच्यापासून दोन झाडं पलीकडे, तोंड खाली घालून फुलं खात होतं.

बुधरीनं हाक मारली. ओरडून नव्हे, ओरडायचं नसतं. हळू आणि ठाम, गोंडीत. ऊठ, पळू नको, माझ्याकडं ये. कुंदाला प्रत्येक शब्द कळला. मैनीला कळला नाही. तिनं मानही वळवली नाही. बुधरीनं पुन्हा हाक मारली, मग पोरीचं घरातलं लाडकं नाव घेऊन मारली. अस्वलानं मात्र तोंड वर केलं. बुधरी पुढं झेपावणार एवढ्यात बाकीच्या बायकांनी तिला धरलं, कारण धावत गेलं की अस्वल अंगावर येतंच.

कुंदाला कळलं की काय करायचं. आणि ते करू नये असंही त्याच क्षणी तिला फार वाटलं. तिनं घसा साफ केला.

"हं, मैनी. उभं राहायचं."

मैनी उभी राहिली.

"वही मिटायची. आवाज न करता माझ्याकडे चालत यायचं. मागे बघायचं नाही."

पोरीनं ती नसलेली वही नीट मिटली, काखेत धरली आणि प्रार्थनेच्या रांगेत चालावं तशी एकेक पाऊल टाकत आली. अस्वल थोडा वेळ बघत राहिलं, मग पुन्हा फुलांत तोंड घातलं. मैनी आली ती आईच्या शेजारून पुढं गेली, बुधरीच्या पसरलेल्या हातांना तिचा खांदा घासला, आणि कुंदासमोर येऊन थांबली. कुंदाच्या तोंडाकडे पाहत राहिली, पुढचं काय म्हणून.

बुधरी रडली नाही. तिनं टोपली उचलली, सांडलेली फुलं भरली. मग कुंदाजवळ येऊन म्हणाली, "तुझ्या आवाजानं वाचली. माझ्या आवाजानं मेली असती." आणि एवढं बोलून ती घराकडे निघाली. पोरीला तिनं बोलावलं नाही. कुंदानंच मैनीला सांगितलं, आईच्या मागं जायचं, तेव्हा ती गेली.

परीक्षेत शाळा तालुक्यात पहिली आली. भैसारे सरांनी पेढे वाटले. कुंदानं पेढा हातात धरला आणि सरांना सांगितलं, हप्ता आला तर येईल नाहीतर जाईल, पण यंत्र आता मी सांगेन तसं चालेल, नाहीतर मी ते नाल्यात टाकीन. सरांनी तिला कधी असं बोलताना ऐकलं नव्हतं. त्यांनी मान डोलावली.

रानातल्या त्या पहाटेनंतर कुंदानं पुन्हा फोन लावला होता, तेव्हा पुण्याच्या मॅडमनी एक वाट सांगितली होती. ज्या वाटेनं धडे आत गेले, त्याच वाटेनं दुसरं काही आत घालता येईल. तोच वास, तीच झोप, पण आवाज घरचा. आणि पुढचा मोह पडायच्या आत ते झालं पाहिजे. कुंदा घरोघर फिरली. आयांनो, या, बोला, झाडांची नावं सांगा, वाट सांगा, अस्वलाचं सांगा. पण ते धानाच्या रोवणीचे दिवस, कुणाची दुपार मोकळी? आणि जिची मोकळी होती ती घाबरलेली. लालसूची आई रैनी दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली आणि म्हणाली, पोराचं मन तर त्या मशिनीत गेलं, आता माझा गळाही देऊ काय? कुंदा पुढच्या दाराकडे वळली.

आली ती एकटी बुधरी. रोवणी टाकून आली. तोंड धुऊन, केस विंचरून, यंत्रासमोर मांडी घालून बसली. बोलण्याआधी एकच गोष्ट विचारली, मैनीचं नाव घेऊ काय? कुंदानं विचार केला. उशा सगळ्यांच्या, आवाज सगळ्यांना एकच जाणार. एकटीचं नाव घेतलं तर बाकीच्या पोरांना काय वाटेल? नाव नको घेऊस, ती म्हणाली, बाळा म्हण, म्हणजे सगळ्यांना लागू पडेल. आई नाही आली म्हणून त्या पोरांनी का रिकामं राहायचं?

बुधरी बोलली. मोह, सालई, धावडा, येन. वारुळापाशी वळायचं. हाळी कशी द्यायची ते देऊन दाखवलं. अस्वल आलं तर पळायचं नाही, आईचा आवाज ऐकायचा. गाणी म्हटली. आणि शेवटी, सांज झाली, बाळा, चल, घरी चल. हे सगळं गोंडीत, तिच्या त्या जाडसर, दमदार आवाजात. कुंदा भिंतीला टेकून ऐकत राहिली आणि डोळे पुसत राहिली. पावसाळाभर, हिवाळाभर रोज दुपारी तबकात मोह भिजला, पुढच्या वर्गात गेलेली पोरंही येऊन निजली आणि तीस उशांतून बुधरी बोलली.

गुण घसरले. हप्ता निम्मा झाला, पण बंद पडला नाही, कारण भैसारे सरांनी वर लिहून कळवलं की पालकांचा सहभाग वाढवला आहे. हळूहळू पोरं मधल्या सुट्टीत गोंडीत भांडायला लागली. मैनी घरी बोलायला लागली. आधी एखादा शब्द, मग पुष्कळ. एके दिवशी बुधरी फाटकाशी नव्हे तर थेट कुंदाच्या घरी आली, तांदळाची पिशवी ठेवली आणि म्हणाली, काल पोरगी आपणहून कुशीत आली. दोघी बराच वेळ ओट्यावर बसल्या. जुन्या आश्रमशाळेच्या गोष्टी निघाल्या, हसणंही झालं.

पुन्हा फाल्गुन सरत आला. या वेळी कुंदा न बोलावता रानात गेली. पहाटेच्या गारव्यात तोच वास. हाळी झाली. पोत्यांवर पोरं निजलेली, आणि त्या झोपेतून गोंडी ऐकू येत होती. मोह, सालई, धावडा, येन. आया टोपल्या बाजूला ठेवून ऐकायला लागल्या. काहींच्या चेहऱ्यावर हसू आलं. कुंदाला वाटलं, झालं, फिटलं.

मग तिला तो आवाज ओळखू आला. जाडसर, दमदार. या झाडाखाली, त्या झाडाखाली, नाल्यापलीकडेही. आयांच्या चेहऱ्यावरचं हसू एकेक करून जिरत गेलं.

ऊन वर आलं. टोपल्या भरल्या. रैनीनं लालसूला हाक मारली. लालसू पोत्यावर बसून फुलं निवडत होता, त्यानं मान वर केली नाही. रैनीनं पुन्हा मारली. पलीकडे दुसरी एक आई आपल्या पोरीला बोलावत होती, तिसरी पोराला. पोरं जागची हलत नव्हती. हट्ट नव्हता त्यांच्या चेहऱ्यावर, नुसतं ऐकू न आल्यासारखं होतं.

बुधरीनं हे काही पाहिलं नव्हतं. ती आपली टोपली डोक्यावर घेत होती. वळून तिनं मैनीला नेहमीसारखी हाक मारली. "चल बाळा, घरी चल."

मैनी उठली. आणि तिच्यासोबत लालसू उठला, त्याच्या पलीकडची पोरगी उठली, नाल्याकाठची तिघं उठली, सगळ्या झाडांखालून सगळी पोरं उठली आणि बुधरीकडे तोंड करून तिच्या दिशेनं चालायला लागली. आपापल्या आयांच्या शेजारून, त्यांच्या पदरांना घासून पुढं आली आणि तिच्याभोवती उभी राहून वर बघायला लागली. बुधरीनं टोपली खाली ठेवली. तिनं कुंदाकडे पाहिलं, आणि गेल्या वर्षी कुंदाच्या तोंडावर जे तिला दिसलं असेल ते आता कुंदाला तिच्या तोंडावर दिसलं.

मग रैनी पुढं आली. भांडायला नव्हे. पोरांतून वाट काढत ती बुधरीपाशी आली, लालसूकडे न बघता उभी राहिली आणि हळूच म्हणाली,

"बुधरी, माझ्या पोराले सांग ना. घरी चल म्हण त्याले."